टिनाखालची दुपार

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटत असेल आणि पाण्याच्या माठाकडे घरात कोणी फारसं फिरकत नसेल. अशा दिवसांत मी मे महिन्यातल्या दुपारीबद्दल सांगायला बसले आहे, हे जरा विजोडच आहे. पण माझा सगळा धंदाच उन्हाळ्याचा. कोणी लग्नसराईवर जगतं, कोणी संत्र्याच्या बहरावर. मी अमरावती-अकोल्याच्या उन्हावर जगत आले. पत्र्याची वर्कशॉपं, शेडं, पॅकिंगची ठिकाणं, अशा जागी आतल्या माणसांना उन्हाचा त्रास कमी व्हावा याची व्यवस्था करणं हे माझं काम. आमच्याकडे पत्र्याला टिन म्हणतात. म्हणून एमआयडीसीत मला 'टिनवाल्या मॅडम' हे नाव पडलं आहे. नाव काही गोड नाही, पण कुठल्याही गेटवर मला कोणी अडवत नाही.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते दोन माणसांमुळे सांगावं लागतं. पहिले माझे वडील. ते चांदूर बाजारच्या धान्यबाजारात मापारी होते. मापारी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून मोजणारा. तो काटा होता टिनाच्या मोठ्या शेडखाली. हरभरा आणि तूर बाजारात येते ती नेमकी ऊन चढू लागतं तेव्हा. संध्याकाळी बाबा घरी आले की आई आधी त्यांच्या डोक्यावर गडूभर पाणी ओतायची आणि मगच त्यांच्याशी बोलायची. घरही टिनाचंच होतं. त्यामुळे टिनाखालून उठून टिनाखाली यायचं, एवढाच त्यांचा प्रवास.

दुसरे माझ्या शाळेतले गणिताचे सर. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचा तो भर उन्हाळ्यात, आणि आमच्या घरात दुपारी वहीवर हात ठेवला तर कागद ओला व्हायचा. सरांनी त्यांच्या घरातली बाहेरची खोली मला दिली. ते घर धाब्याचं होतं, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं. त्या खोलीत पाय टाकला की वाटायचं, कोणीतरी उन्हाचं बटण बंद केलं. दोन घरांत दोन गल्ल्यांचं अंतर आणि ऊन तेच. सर म्हणाले होते, "परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, पण विचार करून ठेव." मी अमरावतीला इंजिनिअर झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, आणि विचार करते आहे तो अजून त्याच प्रश्नाचा. सरांचे उपकार मी असे फेडते आहे असं मला वाटतं. ते असते तर म्हणाले असते, उपकार वगैरे सोड, उत्तर आलं का ते सांग.

आता थोडं धंद्याबद्दल. लोकांना वाटतं, बाहेरची हवा तापते म्हणून टिनाखाली गरम होतं. तसं असतं तर कडुलिंबाखालीही तेवढंच गरम झालं असतं. हवा दोन्हीकडे तीच. पण भर दुपारी लिंबाखाली माणूस बसू शकतो आणि टिनाखाली बसू शकत नाही, कारण तापलेलं टिन खाली उष्णता फेकत राहतं. डोक्यावर कोणी उलटा तवा धरून उभं असावं तसं. आम्ही त्या तव्याच्या आणि माणसाच्या मध्ये काहीतरी घालतो. वरून पांढरा रंग, ऊन परतवणारा. खालून काचेच्या लोकरीच्या गाद्या आणि त्यांना खालच्या अंगानं चांदीच्या वर्खासारखा चकचकीत कागद. हे सगळं तारेच्या जाळीवर पेललेलं. थर्माकोल स्वस्त पडतो, पण जिथं वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथं तो चालत नाही. काचेची लोकर जळत नाही. तिची एकच खोड आहे, अंगाला लागली की रात्रीपर्यंत खाजवत बसावं लागतं. मी दारात उभी राहून मान खाजवू लागले की आमचे हे ओळखतात, नवीन काम सुरू झालं.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाला सगळ्यांत उशिरा पटते. वरचं ऊन अडवून अर्धंच काम होतं. आत मशिनी असतात, वेल्डिंग असतं, माणसं असतात. त्यांची उष्णता वर चढते आणि टिनाच्या पोटाशी जमून राहते. तिला बाहेर जायला वाट लागते. म्हणून आढ्यावर, म्हणजे छपराच्या सगळ्यांत उंच कण्यावर, आम्ही लांबच लांब फट ठेवतो आणि पाऊस येऊ नये म्हणून तिच्यावर हातभर उंच टोपी घालतो. भिंतींना खाली जाळ्या ठेवतो. खालून हवा आत येते, वरून निघून जाते. शेडमध्ये उभं राहून वर पाहिलं की त्या फटीतून, टोपीच्या कडेखालून, आभाळाची एक बारीक रेघ दिसते. मला ती रेघ फार आवडते. माझ्या कामाची सही आहे ती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. अमरावतीच्या एका कारखानदारानं मला सांगितलं, शेड राहू द्या, फक्त माझ्या केबिनचं करा. मी केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा वैतागलेला फोन आला. दुपारी बारानंतर सगळ्या कामगारांना साहेबांची सही लागते, कोणाला रजा विचारायची असते, कोणाला घरचं दुःख सांगायचं असतं, आणि सांगून झालं तरी कोणी उठत नाही. शेवटी त्यांनी सगळं शेड करून घेतलं ते आपली केबिन मोकळी व्हावी म्हणून. मोर्शीला एका संत्र्याच्या पॅकिंग शेडचे मालक म्हणाले, संत्रं थंड राह्यलं पाह्यजे, बायांचं काय, त्यांले सवय हाय. मी मान डोलावली. संत्र्यासाठी आणलेली सावली बायांच्याही डोक्यावर पडली. त्या सावलीला संत्रं कुठलं आणि बाई कुठली हे कळत नाही, हे मी मालकांना सांगितलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते अकोल्याच्या कामाबद्दल.

सुधाकररावांचं तिथं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरला जोडायची पेरणी यंत्रं बनवतात. वडिलांपासूनचा धंदा. आता पेरणी यंत्राचं असं असतं की जून लागला की ते कोणी विचारत नाही, आणि मार्चमध्ये शेतकऱ्याला ते आठवत नाही. सगळी मागणी मे महिन्यात. म्हणजे ज्या दिवसांत टिनाखाली माणसानं जाऊ नये, नेमक्या त्याच दिवसांत तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेल्डिंग चालवायचं.

मी तिथं जायच्या आदल्या वर्षी मे महिन्यात त्यांचा एक वेल्डर, गजानन, काम करता करता खाली पडला. उष्माघात. वेळेवर दवाखान्यात नेला म्हणून वाचला. गजाननला वर्कशॉपमध्ये आणलं होतं तिथल्या जुन्या फोरमननी, भाऊरावांनी. दोघंही पातूरकडच्या एकाच गावचे. गजानन बरा होऊन घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोनं सांगितलं की आता त्या टिनाखाली त्याला पाठवणार नाही. भाऊराव तिच्याकडे दोनदा गेले आणि 'माझ्या भरवशावर पाठव' म्हणाले. तेव्हा कुठं ती कबूल झाली.

सुधाकररावांनी मला बोलावलं तेव्हा सगळं स्पष्ट सांगितलं. एक डाळमिलवाले शेटजी हे शेड गोडाऊन म्हणून भाड्यानं मागत होते. सुधाकररावांच्या मनात नव्हतं, पण पुन्हा एखादा माणूस पडलेला त्यांना पाहायचा नव्हता. ते म्हणाले, "तुरीच्या डाळीले ऊन लागत नाही, मॅडम. माणसाले लागते. यंदाचा मे पाहतो. माणसं दुपारी आत टिकली तर वर्कशॉप राहील. नाही टिकली तर चाव्या शेटजींच्या हातात." माणसांचं काय होईल ते मी विचारलं नाही. पुण्याकडे जातील, जे जाऊ शकतील ते. भाऊरावांच्या वयाला कोण बोलावणार होतं?

मार्चमध्ये आम्ही काम पूर्ण केलं. रंग, लोकर, वर्ख, आढ्यावरची फट, भिंतींच्या जाळ्या, सगळं. मोठे पंखे बसवून भागेल का असं सुधाकररावांनी विचारलं होतं, पण त्यांच्याकडच्या वेल्डिंगमध्ये जोडाभोवती गॅस सोडतात, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो गॅस उडाला की जोड पोकळ होतो. तेव्हा वारा हळूच फिरला पाहिजे, अंगावर येता कामा नये. एप्रिलभर सगळं छान होतं. सुधाकररावांचा फोन यायचा, सकाळी माणसं गाणी म्हणून राहिली वगैरे. मी खुशीत होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात पारा चढला आणि त्यांचा आवाज बदलला. सकाळी शेड थंड असतं, पण दुपारी भट्टी होते. पहिल्यापेक्षाही वाईट. गजाननला गरगरलं म्हणून त्याला बाहेर काढलं. शेटजी येत्या गुरुवारी जागा पाहायला येणार. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी निघताना आमच्या घरी नेहमीचंच चाललं होतं. बाबा आता आमच्याकडे अमरावतीला असतात. उन्हाळ्यात सकाळी दहा वाजले की ते खुर्चीतून आवाज देतात, "दहा वाजले, लावा." मग घरातली सगळी दारं-खिडक्या लावायची, पडदे ओढायचे, फटीत फडकं कोंबायचं. वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात हेच होतं. सकाळचा गारवा आत कोंडून ठेवायचा आणि बाहेरच्या झळा बाहेर ठेवायच्या. संध्याकाळी सहाला उघडायचं. मीही घाईघाईत दोन खिडक्या लावल्या आणि गाडीत बसले.

अकोल्याला पोचले ती वेळ अगदी टळटळीत दुपारची. गेटाशेजारच्या कडुलिंबाखाली सगळे कामगार बसलेले. डोक्यावर ओले दुपट्टे. गजानन खोडाला टेकून होता, चेहरा लालबुंद, आणि भाऊराव त्याच्या हातात कांद्याची फोड देऊन म्हणत होते, "खा बापू, खा." मला पाहून दोघं-तिघं उठू लागले. एवढा मोठा खर्च करून ज्या बाईनं काम केलं, ती बाई आली आणि आपण झाडाखाली बसलो आहोत, याचा त्यांनाच संकोच झाल्यासारखं वाटलं.

मी आत गेले. आत खरोखरच श्वास घेववत नव्हता. शिडी लावून मी वर चढले आणि वर्खाला हात लावला. मला वाटलं होतं चटका बसेल. चटका बसला नाही. वर्ख भोवतालच्या हवेपेक्षा जरासुद्धा जास्त तापलेला नव्हता. म्हणजे ऊन वरच अडत होतं. मग ही भट्टी आली कुठून? मी शिडीवरच उभी राहून आढ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लगेच कळेना. मग लक्षात आलं, आभाळाची रेघ नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत आढं काळं होतं.

खाली येऊन मी सुधाकररावांना वर पाहायला सांगितलं. त्यांनाही कळेना. ते म्हणाले, मी तर रोज सकाळी पाहतो, फट दिसते. मी भिंतींच्या जाळ्या पाहिल्या. त्यांना आतून प्लायवूड लावलेलं होतं, नीट, खिळे न ठोकता, संध्याकाळी काढता येईल असं.

मी भाऊरावांना हाक मारली. ते आले. फट कोणी बुजवली असं विचारायचा अवकाश, त्यांनी लपवलं काहीच नाही. उलट थोडं अभिमानानंच सांगितलं.

"म्या बुजोली, मॅडम. मे लागला तवापासून दहा वाजले का चढतो अन् बारदाना कोंबतो. वल्ला करून कोंबतो. संध्याकाळी काढतो."

"काहून पण, भाऊराव?"

"काहून म्हंजे? दुपारी त्या फटीतून लू आत येते ना जी. घरी आपण काय करतो? एवढी मोठी खिडकी आढ्याले उघडी ठेवून कोण झोपते उन्हाळ्यात? तुमचं काम चांगलं हाय, पण तेवढं राह्यलं होतं. म्या पुरं केलं." मग आवाज खाली करून म्हणाले, "पोट्ट्याच्या बायकोले शब्द देल्ला हाय म्या."

हसावं की रडावं ते मला कळेना. या वयाचा माणूस रोज सकाळी छपराएवढी शिडी चढत होता, ओली पोती खांद्यावर घेऊन. आणि रोज सकाळी दहाला, मालक ऑफिसात गेल्यावर, मन लावून शेडचं तोंड बांधत होता. बाहेर तापलं की तो पुन्हा पोती ओली करायला चढत असे, म्हणजे आणखी घट्ट करायला.

मी त्यांना समजावून सांगायला लागले, तर चेहऱ्यावरून दिसत होतं की ते मला मान देऊन ऐकताहेत, पटलेलं काही नाही. मी चुलीचं उदाहरण दिलं. इथं चार वेल्डर म्हणजे चार चुली पेटलेल्या आहेत, आणि आपण धुराडं बुजवलं आहे. भाऊराव म्हणाले, चुलीत धूर असते मॅडम, इथं कुठं धूर हाय? तेही खरंच. गरम हवा कोणाला दिसत नाही.

तेव्हा मी म्हणाले, चला वर. सुधाकरराव नको म्हणत होते, पण भाऊराव माझ्याआधी चढले. मी दुसऱ्या शिडीनं. आढ्याशी पोचल्यावर मी त्यांना एकच पोतं काढायला सांगितलं. त्यांनी बिचकतच ते ओढलं, तोंड बाजूला करून, लू तोंडावर येईल म्हणून. मग त्यांना म्हणाले, हात धरा.

त्यांनी त्या फटीशी तळहात धरला. बराच वेळ धरला. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या पोत्याचे सुटे दोरे वाऱ्यानं हलत होते, आणि सगळे बाहेरच्या बाजूला वळलेले होते. त्यांनी ते दोरे पाहिले. मग पोतं खाली-वर करून पुन्हा पाहिलं. दोरे बाहेरच.

"आत नाई येऊन राह्यली," ते म्हणाले. "बाहीर जाऊन राह्यली."

मी हो म्हणाले.

खाली गेटाबाहेर लिंबाखाली गजानन बसला होता. तो तिथून दिसत नव्हता, पण त्यांनी तिकडेच पाहिलं. "म्हंजे पोट्ट्याले म्या डब्यात कोंडून राह्यलो होतो, मॅडम."

मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. चांदूर बाजारचे मापारी, आमच्याकडे रोज सकाळी दहाला आवाज देणारे. आज सकाळी निघताना मी स्वतः दोन खिडक्या लावून आले हेही सांगितलं. घरात ते बरोबरच आहे, भाऊराव. घरात मातीविटांच्या भिंती असतात आणि वेल्डिंग नसतं. तुमचं बंद करणं चुकलं नाही, जागा चुकली. आणि पोती ओली केली ते तर फारच चांगलं केलं, फक्त ती वर नको होती, खाली हवी होती.

हे मी त्यांची समजूत काढायला म्हणाले खरी, पण म्हणता म्हणता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडची हवा कोरडी. ओल्या पोत्यातून आत आली तर ती थंड होऊन येईल. वाळ्याचे पडदे आपण लावतो ते याच्यासाठीच.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून काम केलं. फटीतली सगळी पोती काढली. उत्तरेकडच्या सावलीतल्या जाळ्यांवर तीच पोती लोंबती बांधली, वर छिद्रं पाडलेला पाइप टाकला, त्यातून पाणी थेंब थेंब उतरत राहील असा. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या जाळ्यांना मात्र झडपा बसवल्या, दोरीनं बंद करता येतील अशा. कारण एक गोष्ट मला कळली होती. दहा वाजले आणि काहीच लावायचं नाही, हे वऱ्हाडातल्या माणसाला सहन होणार नाही. भाऊरावांना दहा वाजता काहीतरी बंद करायला दिलं पाहिजे. तेव्हा उन्हाकडच्या झडपा त्यांनी लावायच्या, सावलीकडची पोती ओली ठेवायची, आणि आढ्याला कोणी हात लावायचा नाही. भाऊरावांनी नियम ऐकून घेतला आणि शिडी स्वतःच नेऊन स्टोअररूममध्ये ठेवली. कुलूप लावून चावी सुधाकररावांना दिली. "न जाणो, हात शिवशिवला तर," म्हणाले.

गुरुवारी मी पुन्हा अकोल्याला गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी राहवेना. मी पोचले तेव्हाच शेटजींची गाडीही आली. धोतर, डोक्याला आणि कानाला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा, भला माणूस. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. शेटजींनी लिंबाकडे पाहिलं आणि सुधाकररावांना विचारलं, "आज सुट्टी देल्ली काय जी कारखान्याले?"

मीही पाहिलं. लिंबाखाली कोणी नव्हतं. एक कुत्रं सावलीत पडलं होतं तेवढंच.

सुधाकररावांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांना वाटलं, माणसं घरी निघून गेली. ते भराभर आत गेले, आम्ही मागोमाग. दारातच ओल्या बारदानाचा वास आला, पाऊस पडून गेलेल्या धान्याच्या मोंढ्यात येतो तसा. सगळे आतच बसले होते. उत्तरेच्या भिंतीशी, पोत्यांच्या समोर, कोंडाळं करून, डबे उघडून. गजाननच्या डोक्यावर दुपट्टा नव्हता. भाऊरावांनी झुणक्याचा डबा मध्ये ठेवला होता आणि कोणीतरी त्यांना चिडवत होतं की काका, दहा वाजून गेले, काही लावाचं राह्यलं काय. ते म्हणाले, तुह्यं तोंड.

शेटजींना बसायला जागा केली. ते खाली बसले, सावकाश डोक्याचा दुपट्टा सोडला, मांडीवर घेतला. भाऊरावांनी अर्धी भाकर पुढे केली, ती घेतली. खाता खाता वर पाहिलं, आढ्यावरच्या त्या आभाळाच्या रेघेकडे, आणि पाहतच राहिले. मग सुधाकररावांना म्हणाले, जागा तर मस्त केली तुमी, आता भाव वाढवसान.

"शेटजी," सुधाकरराव म्हणाले, "तुमी गोडाऊन दुसरीकडं पाहा. इथं माणसं बसतात."

शेटजींनी राग मानला नाही. आणखी थोडा झुणका मागितला. जाताना माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की डाळमिलच्या शेडाचंही असं होते काय. आता ते माझे गिऱ्हाईक आहेत.

त्या मे महिन्यात कोणी पडलं नाही. पेरणी यंत्रं वेळेवर निघाली. जूनमध्ये बडनेऱ्याच्या रस्त्यानं जाताना ट्रॅक्टरमागे सुधाकररावांच्या निळ्या रंगाचं यंत्र दिसलं की मी गाडी हळू करते. उगीचच. शेतकऱ्याला वाटतं बाईला पुढे जायचं आहे, तो बाजूला होतो, आणि मी पुढे जातही नाही.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे अजून पुरतं नाही. तो प्रश्न गजाननचा. सगळं झाल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, इथं दिवसभर चांगलं लागते, पण रात्री घरी गेलो का पुन्हा टिनच. घरच्या टिनाले काय करता येते?" काचेची लोकर त्याला परवडणारी नाही. मी त्याला टिनावर चुन्यात डिंक कालवून दोन हात मारायला सांगितलं, आणि त्यावर हातभर अंतर सोडून तुराट्यांची ताटी. तुराट्या म्हणजे तूर काढल्यावर उरलेल्या काड्या, त्या गावात हव्या तेवढ्या मिळतात. त्यानं तसं केलं. फरक पडला म्हणतो. बायको आता दुपारी घरात बसते म्हणतो. पण दर पावसाळ्यानंतर चुना पुन्हा मारावा लागतो आणि ताटी वादळात उडते. सरांच्या धाब्याच्या खोलीइतकं सोपं आणि टिकाऊ असं काही टिनाच्या घरासाठी शोधायचं राहिलं आहे. मी निवृत्त व्हायच्या आत ते सापडावं अशी माझी इच्छा आहे. सापडेल असं मला वाटतं, कारण आता विचार करणारी मी एकटी नाही. भाऊराव दर महिन्याला फोन करून नवीन काहीतरी सुचवतात. त्यातलं बरंचसं बारदानाचंच असतं, पण ऐकते.

गुरुवारच्या त्या जेवणाहून परतले तेव्हा मी सगळी हकिगत बाबांना सांगितली. टिनाखाली उभं आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी नीट ऐकली. दोरे बाहेरच्या बाजूला वळले हे मला पुन्हा सांगायला लावलं. मग डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नेहमीसारखा आवाज आला, "दहा वाजले, लावा." मी दारं लावली, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याच्या वरच्या झरोक्याची झडप लावायला हात उचलला, तर बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले,

"ते राहू दे उघडं. कुकर चढला हाय ना."